शेवटच्या घराला हिशेब

संस्था नोंदवायला सात माणसे लागतात आणि ती चालवायला बहुधा एकच उरतो. समाजकार्यात वीस-पंचवीस वर्षे वावरल्यावर आमच्या पदरात पडलेला हा अनुभव आहे, आणि वाचकांपैकी अनेकांचाही तो असेल. नोंदणी होते, शिक्का बनतो, लेटरहेड छापले जाते, पावतीपुस्तके निघतात. पहिली दोन-तीन वर्षे उत्साहात जातात. मग एके दिवशी बैठकीत मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतो, "भाऊ, गेल्या वर्षीच्या वर्गणीचं काय झालं?" तिथून संस्थेची खरी परीक्षा सुरू होते. बहुतेक ठिकाणी विचारणारा 'फुटीर' ठरतो, पुढच्या बैठकीची सूचना त्याच्या घरी जात नाही, आणि संस्था त्या दिवसापासून आतून पोकळ होऊ लागते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा आणि खर्च या दोन बाजू जुळवण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे सेवाभावी संस्थांकडे पाहताना आम्हाला भाषणापेक्षा वही आधी दिसते. आजच्या लेखात आम्हाला एकच प्रश्न मांडायचा आहे. संस्थेने हिशेब द्यायचा तो कुणाला? देणगीदाराला, असे कुणी म्हणेल. सरकारला, असे दुसरा म्हणेल. धर्मादाय आयुक्तांना, असे तिसरा सांगेल. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण तिन्ही अपुरी आहेत. ज्याच्या नावाने पैसा गोळा झाला, ज्याच्या गरिबीचे वर्णन करून अनुदान आणले, त्या माणसाचे नाव या यादीत सहसा नसते. त्याला 'लाभार्थी' म्हटले की आपण मोकळे होतो. आमचे म्हणणे असे, की हिशेबाचा पहिला मालक तोच आहे.

हिवरे बाजारचा फळा

हे नुसते पुस्तकी बोलणे वाटू नये म्हणून नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण घेऊ. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडले. विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले, माणसे कामाच्या शोधात बाहेर गेली, मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे वाढली. १९८९ साली पोपटराव पवार हे एम. कॉम. झालेले तरुण सरपंच झाले आणि गावाने कामाला हात घातला.

राज्य शासनाने १९९२ साली राळेगणसिद्धीच्या धर्तीवर आदर्श गाव योजना आणली. गावातले काम एखाद्या स्वयंसेवी संस्थेमार्फत व्हावे अशी या योजनेची रचना होती. पुष्कळ गावांत अशी संस्था बाहेरून येते, काम संपले की फाइल बंद करून निघून जाते, आणि गावकऱ्यांना तिचा पत्ताही ठाऊक नसतो. हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. १९९३ साली गावानेच यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था उभी केली. १९९४ मध्ये गावाची योजनेसाठी निवड झाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पुढे शेतीसाठी बोअरवेल खोदायला बंदी आली, उसासारखी पाणी पिणारी पिके टाळायचे ठरले, आणि बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असाही निर्णय झाला.

फळ काय मिळाले ते आकडे सांगतात. १९९५ च्या सर्वेक्षणात गावातल्या १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ मध्ये ती ५३ वर आली आणि नंतरच्या काळात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. विहिरी ९७ होत्या, त्या २१७ झाल्या. दिवसाला दीडशे लिटर दूध निघत असे, ते पुढे चार हजार लिटरच्या आसपास गेले. बाहेर गेलेली कुटुंबे परतली. २००७ साली राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, २०२० साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळे वर्तमानपत्रांतून येऊन गेले आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. गेली वीसएक वर्षे हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने पावसाची नोंद ठेवली जाते, निवडक विहिरींची पातळी मोजली जाते, आणि यंदा किती पाणी जमा झाले याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग घरगुती वापराचे, पुढच्या काळासाठी काही राखून ठेवायचे, आणि उरलेल्यातून शेतीला किती द्यायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर कोणते पीक घ्यायचे नाही, हेही तिथेच ठरते.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला यात दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली ही, की हा हिशेब कुणालाही तपासता येतो. पर्जन्यमापक गावात आहे, विहीर गावात आहे. सांगितलेला आकडा आणि दोरीला लागलेले पाणी यांत तफावत असेल तर शाळेतले पोरसुद्धा बोट दाखवेल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा हिशेब खर्चाच्या आधी वाचला जातो. आपल्या बहुतेक संस्थांत पैसा खर्च झाल्यावर वर्षाअखेरी जमाखर्च वाचतात, तोही घाईघाईने, चहा येईपर्यंत. तेव्हा हरकत घेऊन उपयोग काय? मंडप उठलेला असतो. खर्चाच्या आधी हिशेब मांडला तरच सभासदाच्या 'हो' किंवा 'नाही'ला अर्थ राहतो.

त्यागाची वाटणी

आता आपल्या वाचकांच्या मनात येणारा प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे जे परखड वर्णन केले ते आपण विसरलेलो नाही. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर म्हणजे खेडे, असा त्यांचा अभिप्राय होता, आणि तो अनुभवाचा होता. त्यामुळे 'आदर्श गाव' हे शब्द कानी पडले की आपल्या लोकांनी विचारावे, कुणासाठी आदर्श? हे विचारणे म्हणजे गावाच्या कामाला नावे ठेवणे नव्हे. चांगल्या कामालाच असे प्रश्न झेपतात.

पंचसूत्रीकडे या नजरेने पाहू. चराईबंदी सर्वांना सारखी लागू असते, पण तिची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्याच्या बांधावर गवत आहे, गोठ्यात कडबा आहे, त्याला डोंगर बंद झाल्याने फारसे बिघडत नाही. ज्याला गुंठाभर जमीन नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचे घर चालते, त्याचे कुरणच गेले. कुऱ्हाडबंदीचेही तसेच. सरपणाची मोळी विकून मीठ-मिरची आणणारी बाई आणि गॅसची शेगडी असलेले घर यांना एकच नियम वेगवेगळ्या वजनाचा पडतो. श्रमदानातही हाच प्रश्न आहे. दोन एकर बागायत असलेल्याने बांधावर एक दिवस काम केले तर त्याच्याच विहिरीला पाणी वाढते. मजुराने तोच दिवस दिला तर त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. दान दोघांनी केले, पण एकाचे दान त्याच्या शेतात परत येते.

हिवरे बाजारमध्ये चराई बंद झाली तरी विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा राहिली, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. डोंगर सांभाळायचा आणि गवतही गरजूला द्यायचे, असा तो मार्ग आहे. पाणलोटाच्या कामावर मजुरी मिळाली, शेतीची कामे वाढली, दुधाचा धंदा उभा राहिला. भूमिहीनाला लाभ व्हायचा तो अशा वाटांनी. पण विहिरीच्या पातळीसारखा हा लाभ फळ्यावर आपोआप उमटत नाही. तो घरोघर जाऊन विचारावा लागतो. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या घरात यंदा काय वाढले? कामाचे दिवस किती मिळाले? त्याला दूधधंद्यासाठी जनावर घेता आले का? आपल्या गावात असे काम सुरू असेल तर ग्रामसभेत हे प्रश्न विचारा. पाण्याच्या ताळेबंदाशेजारी माणसांचा ताळेबंद मांडला तरच गावाचा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.

एकमत झाले म्हणजे जाब मिटत नाही

हिवरे बाजारची ग्रामपंचायत अनेक वर्षे बिनविरोध होत आली. जानेवारी २०२१ मध्ये जवळजवळ तीस वर्षांनी तिथे मतदान झाले. पवार यांच्या पॅनेलने सर्व जागा जिंकल्या. यातून कुणी काय अर्थ काढायचा तो काढावा. आम्हाला दिसते ते असे, की चांगल्या पुढाऱ्यालाही मतपेटीतून पुन्हा एकदा जाता आले तर त्याचे काही जात नाही, उलट त्याचा अधिकार उजळतो.

सेवाभावी संस्थांत 'एकमताने मंजूर' हा शिक्का फार स्वस्त झाला आहे. सभेचे इतिवृत्त वाचले तर वाटावे, या संस्थेत कधी कुणाचा मतभेदच झाला नाही. एकमत दोन प्रकारचे असते. एक, सगळ्यांनी विचार करून केलेले. दुसरे, ज्याला बोलायचे होते तो बोलू शकला नाही म्हणून झालेले. इतिवृत्तात दोन्ही सारखीच दिसतात. गावातली सभा देवळापुढे असेल आणि वस्तीतली बाई तिथे यायला कचरत असेल, सभा दुपारी असेल आणि मजूर कामावर असेल, तर ते एकमत दुसऱ्या प्रकारचे समजावे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या. खुर्ची कायद्याने मिळाली. त्या खुर्चीवरून प्रश्न विचारण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

कायद्यातला 'हितसंबंधी'

अनेकांना वाटते, संस्थेचा हिशेब मागणे म्हणजे आगाऊपणा. कायदा तसे म्हणत नाही. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या कलम २ मध्ये 'हितसंबंध असलेली व्यक्ती' कोण याची व्याख्याच दिली आहे. नोंदणीकृत सोसायटी असेल तर तिचा कोणताही सभासद, इतर सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्त आणि लाभ घेणारी व्यक्तीसुद्धा. म्हणजे ज्याला आपण नुसता 'लाभार्थी' म्हणून फोटोत उभा करतो, त्याला कायदा हितसंबंधी मानतो.

याच कायद्याप्रमाणे संस्थेने नियमित हिशेब ठेवले पाहिजेत आणि दरवर्षी ते तपासून घेतले पाहिजेत. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्ज, ज्याला आपण 'चेंज रिपोर्ट' म्हणतो, तो द्यावा लागतो. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही. गैरकारभार सिद्ध झाला तर विश्वस्ताला काढताही येते. नियम १९ मध्ये हिशेब तपासनिसाने कशाकशाचा अहवाल द्यायचा याची यादी आहे, आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावी. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का? पैसा संस्थेच्या उद्दिष्टाबाहेर खर्च झाला का? पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? सभा नियमाप्रमाणे झाल्या का, इतिवृत्ताची वही आहे का? कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? मागच्या वर्षी दाखवलेल्या चुका यंदा दुरुस्त झाल्या का?

पाहा, हे प्रश्न किती साधे आहेत. घर चालवणारी बाई महिन्याच्या शेवटी मनातल्या मनात हेच विचारते. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून संस्थेच्या नोंदीची आणि लेखापरीक्षण अहवालाची नक्कल मागता येते. शासनाच्या मोठ्या अनुदानावर चालणारी संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका शिक्षण संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कुटुंबांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट. धर्मादाय न्यासांमार्फत चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना या कायद्याचे कलम ४१ कक लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्के वेगळे काढून निर्धन रुग्ण निधी ठेवायचा असतो. रुग्णालयाला सवलती मिळाल्या त्या या गरीब रुग्णाच्या नावावर. तेव्हा दारावर उभे राहून खाट मागणे ही भीक नाही, ती वसुली आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा, समाजसेवकाच्या खोलीचा पत्ता विचारा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण जयंतीला सांगतो, पण त्यातला धडा घेत नाही. मे १९४९ मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर बोलताना त्यांनी सांगितले, की हा बहुधा राज्यघटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. न्यायाधीशांपेक्षाही त्याचे काम मोठे, असे त्यांचे मत होते. मंत्री नव्हे, सेनापती नव्हे, हिशेब तपासणारा माणूस! ज्यांनी घटना लिहिली त्यांना ठाऊक होते, की जनतेचा पैसा कुठे गेला हे कळले नाही तर बाकीचे हक्क कागदावरच राहतात.

नाव वाचवायचे की माणूस?

हिशेब फक्त पैशाचा नसतो. वागणुकीचाही असतो. परदेशातल्या संस्था शिस्तीच्या असतात अशी आपली समजूत आहे. ब्रिटनमधल्या ऑक्सफॅम या जगप्रसिद्ध संस्थेचे प्रकरण पाहा. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला. मदतीसाठी गेलेल्या संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी तिथल्या संकटात सापडलेल्या स्त्रियांना पैसे देऊन त्यांचा गैरफायदा घेतला. २०११ मध्ये संस्थेने आतल्या आत चौकशी केली. काहींना काढले, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिले, आणि देखरेख करणाऱ्या आयोगाला पुरते सांगितले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'द टाइम्स'ने ही गोष्ट छापली. पुढच्या दहा दिवसांत सात हजार नियमित देणगीदारांनी देणगी थांबवली. जून २०१९ मध्ये तिथल्या चॅरिटी कमिशनने संस्थेवर कडक ताशेरे ओढले.

नाव जपण्यासाठी जे झाकले त्यानेच नाव गेले, हा यातला एक धडा. दुसरा अधिक खोल आहे. त्या स्त्रियांना तक्रार करायला जागा कुठे होती? मदत देणाराच अन्याय करणारा असेल तर घेणाऱ्याने कुणाकडे जायचे? धान्याच्या रांगेत उभी असलेली बाई वाटप करणाऱ्याविरुद्ध बोलत नाही, कारण उद्या तिला पुन्हा त्याच रांगेत यायचे असते. म्हणून तक्रारीची वाट वाटप करणाऱ्याच्या हाताबाहेर असली पाहिजे.

आपल्याकडेही संकटाच्या वेळी संस्था धावून आल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. पन्नासहून अधिक गावे दुसरीकडे वसवावी लागली. तिथल्या पुनर्बांधणीत एक चांगली गोष्ट घडली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. घरदुरुस्तीचे पैसे कसे मिळतात, बांधकाम कसे तपासायचे, हे त्या शिकल्या आणि इतरांना सांगू लागल्या. ज्यांची घरे पडली होती त्यांच्यातल्याच बायका कामावर लक्ष ठेवू लागल्या. तीस वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या खेड्यात हे जमले, तर आज आपल्या वस्तीत का जमू नये?

फोटोतला माणूस

आमच्या वस्तीत एकदा एका संस्थेने वह्यावाटपाचा कार्यक्रम केला. नाव सांगत नाही, कारण अशा संस्था गल्लोगल्ली आहेत. मुलांना सकाळी नऊला बोलावले. पाहुणे साडेअकराला आले. प्रत्येक मुलाला चार वह्या दिल्या आणि प्रत्येकाचा फोटो काढला. एका मुलीने फोटोच्या वेळी मान खाली घातली. "वर बघ, हस," असे तिला दोनदा सांगण्यात आले. ती हसली नाही. तिच्या आईने संध्याकाळी वह्या आमच्या घरी आणून ठेवल्या. म्हणाली, "दादा, या परत करा. माझी पोर वर्गात पहिली आहे. तिला असं उभं केलं."

त्या चार वह्यांची किंमत जमाखर्चात लिहिली गेली असेल. त्या मुलीच्या खाली गेलेल्या मानेची नोंद कुठल्या रकान्यात करायची? जमाखर्चात तिला रकाना नाही, पण संस्थेच्या खात्यावर ते देणे लागतेच. घेणाऱ्याची अब्रू राखून जे देता येत नाही ते देऊ नये. फोटो काढायचा तर आधी विचारावे, आणि 'नाही' म्हटले तरी वह्या मिळाल्या पाहिजेत.

कर्मचाऱ्यांचेही असेच. शाळेवरच्या शिक्षिकेला, बालवाडीच्या ताईला, वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीला एका रकमेवर सही करायला लावून हातात कमी टेकवायचे, हा प्रकार ऐकिवात नाही असा माणूस विरळा. सेवेच्या नावाखाली केलेली ही चोरीच आहे. जी संस्था आपल्या नोकराला फसवते ती समाजाला न्याय देईल यावर आमचा विश्वास नाही.

आपल्या घरापासून

दुसऱ्यांकडे बोट दाखवून झाल्यावर आता आपल्याकडे वळू. जयंती मंडळ, विहार समिती, महिला मंडळ, विद्यार्थी वसतिगृह, बचत गट हे सगळे आपलेच आहे. दहा-दहा रुपयांची वर्गणी कुणाच्या घामाची असते हे आपल्याला ठाऊक आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे दहा रुपये आणि उद्योगपतीचे दहा लाख, पावती दोघांना सारखीच मिळाली पाहिजे. मोठे काही करायला निघण्यापूर्वी एवढे करू या:

१. खर्चाचा अंदाज कार्यक्रमाच्या आधी सभेत वाचावा. ध्वनिक्षेपकाला किती, पुस्तकांना किती, भोजनदानाला किती, हे लोकांनी ठरवावे.

२. कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांत जमाखर्च विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. वाचता न येणाऱ्यांसाठी तो सभेत वाचून दाखवावा.

३. बँकेत खाते असावे, दोघांच्या सह्या असाव्यात, आणि त्या दोघांत नाते नसावे. एका सहीवर बाईचे नाव असावे.

४. ज्या कामासाठी पैसा मागितला त्याच कामाला तो लावावा. विहाराच्या छपराचा पैसा मिरवणुकीला वापरायचा असेल तर पुन्हा सभा बोलवावी.

५. सभा कामकरी माणसाला येता येईल अशा वेळी घ्यावी, आणि विरोधात कोण काय बोलले तेही इतिवृत्तात लिहावे.

६. तक्रार ऐकायला मंडळाबाहेरची दोन विश्वासाची माणसे असावीत. त्यांची नावे सर्वांना माहीत असावीत.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. खडू आणि फळा लागतो, आणि थोडी हिंमत लागते. हिशेब दाखवण्याची हिंमत पदाधिकाऱ्याला हवी, मागण्याची सभासदाला हवी. ज्याने मनापासून काम केले त्याला वही उघडायला भीती कसली? उलट वही उघडी असली की त्याच्यावर कुणी खोटा आळ घेऊ शकत नाही. प्रामाणिक कार्यकर्त्याचे सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे उघडा हिशेब. आपल्यातले कितीतरी चांगले कार्यकर्ते केवळ संशयामुळे बाजूला झाले. त्यांच्या वह्या चोख होत्या, पण लोकांनी त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

हिवरे बाजारकडून घ्यायचे ते हेच. त्यांचे डोंगर आपल्याला आणता येणार नाहीत. पण आहे ते किती, कुणाला किती, आणि पुढच्यासाठी किती, हे सगळ्यांसमोर मांडायची रीत कुठल्याही वस्तीला उचलता येते. फक्त मांडणी करताना सुरुवात शेवटच्या घरापासून करा. वेशीपासल्या घराला विचारा, भाड्याच्या खोलीतल्या एकट्या म्हातारीला विचारा, कामावरून उशिरा येणाऱ्या तरुणाला विचारा. त्यांनी हिशेब समजला असे सांगितले, तर तुमची संस्था चोख आहे. मग हिशेब तपासनिसाची सही व्हायला वेळ लागणार नाही.

पुढच्या सभेत मागच्या रांगेतून कुणी उठून विचारले, "भाऊ, वर्गणीचं काय झालं?", तर त्याला खाली बसवू नका. त्याला पुढे बोलवा आणि वही त्याच्या हातात द्या.